गावाच्या जंगलावर दावा करताय? नमुना ‘क’ आधी समजून घ्या

सामूहिक वनहक्काचा विषय निघाला की बरीच गावं वनहक्क कायद्यातला दाव्याचा अर्ज, नमुना ‘ब’, भरून मोकळी होतात. ‘ब’मुळे गुरं चारणं, मोहफूल-तेंदू गोळा करणं, मासेमारी, निस्तार (घरच्या गरजेपुरतं जळण-लाकूड वगैरे आणणं) असे वापराचे हक्क मिळतात. पण बांबू कधी तोडायचा, कुठला भाग यंदा बंद ठेवायचा, वणवा लागू नये म्हणून काय करायचं, हे गावानेच ठरवायचं असेल तर ‘क’ भरावा लागतो. हा नमुना 2012च्या सुधारित नियमांत आला, त्यामुळे आधी दावे केलेल्या गावांनी आपल्या फायलीत तो आहे का हे एकदा उघडून पाहावं. ‘ब’ मंजूर झालेला असला तरी ‘क’चा दावा करता येतो.

हक्क हातात आल्यावर काय होतं याचं उदाहरण गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

दावा कोण करू शकतं?

दावा कुण्या एकाचा नसतो, ग्रामसभेचा असतो. जंगलावर अवलंबून असलेले आदिवासी 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून तिथले रहिवासी असावेत. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे जंगलावर जगणाऱ्या बिगर-आदिवासींना, त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, दाखवावी लागतात. सगळं गाव पात्र असावं लागतं असा एक समज आहे, तो चुकीचा. काही कुटुंबं पात्र असली तरी दावा उभा राहतो.

इथली ग्रामसभा म्हणजे चार गावांची मिळून पंचायतीच्या कार्यालयात भरते ती नव्हे. ती गावाची. पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित आदिवासी भागात, तर पाड्याचीही असू शकते.

आधी समिती, मग शिवारफेरी

पहिल्या सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. गावात आदिवासी असतील तर दोन तृतीयांश सदस्य आदिवासी हवेत, आणि किमान एक तृतीयांश महिला. अध्यक्ष-सचिव ठरले की प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीला कळवायचं. दाव्याचा ठराव करताना ग्रामसभेच्या निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. सह्या-अंगठे सभा चालू असतानाच घ्या. नंतर घरोघर वही फिरवली की पुढे तीच वही गावाच्या अंगावर येते.

खरं काम नकाशाचं. तो संगणकापुढे बसून होत नाही. म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना आणि कंद-भाजीला जाणाऱ्या बायांना सोबत घेऊन शीव चालायची. नाला, डोह, देवराई, मसणवट, जुनी बोडी, जिथे जे लागेल ते कागदावर उतरवायचं. ‘या मोहापर्यंत आमचं, नाल्यापल्याड त्यांचं’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबून खूण करा. शेजारच्या गावाशी शिवेवरून मतभेद असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसायचं. तरी मिटलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. सामायिक चराई असेल तर तसं ‘क’मध्येच लिहिता येतं. भांडणापेक्षा ते बरं.

कागद कोणते?

नमुन्यासोबत ग्रामसभा सदस्यांची यादी (प्रत्येकापुढे आदिवासी की इतर वननिवासी ते), नकाशा, शेजारच्या गावांची नावं आणि पुराव्यांची यादी जोडायची. कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) माहीत असतील तर लिहा, नसतील तर दावा अडत नाही.

पुरावे किमान दोन हवेत. विदर्भात निस्तार पत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची जुनी सरकारी नोंद) मिळालं तर भक्कम. गॅझेटिअर, जनगणना, वनखात्याची कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचा आराखडा) हेही चालतं. मात्र ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावाच आहे. ‘आम्ही पूर्वापार जंगल वापरतो’ एवढ्या एका ओळीत तो संपवू नका. कुठल्या डोहावर मासे धरायचे, कुठल्या टेकडीवरून डिंक यायचा, गुरं कुठे बसायची, असं नावानिशी लिहा.

पुढचा प्रवास

स्थळ पडताळणीची लेखी सूचना वन आणि महसूल विभागाला द्या. अधिकाऱ्यांनी हजर राहणं नियमानेच बंधनकारक आहे. पडताळणीनंतर ग्रामसभेचा ठराव, मग प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात 2020 पासून त्यावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं.

नामंजुरी किंवा फेरबदल तोंडी ऐकून परत येऊ नका. कारणं लेखी मागा. आणि फाईल देताना पूर्ण संचाची झेरॉक्स गावात ठेवून, पानांची संख्या लिहिलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.