जंगलात पडलेलं शिंग कुणाचं?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पानगळीनंतर झाडोरा विरळ होतो, तेव्हा एखादं गळून पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं शिंग नजरेस पडू शकतं. अमेरिकेत अशी शिंगं हुडकत रानोमाळ हिंडणारे हौशी लोक आहेत. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात तर एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगांचा दरवर्षी लिलाव भरतो. आपल्याकडे शिंग उचलून पिशवीत घातलं, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. बघायला मात्र कुणाची ना नाही, आणि बघण्यासारखं पुष्कळ असतं.

गाईच्या किंवा काळविटाच्या शिंगावर नखासारखं आवरण असतं आणि ते शिंग जन्मभर टिकतं. चितळ, सांबर, भेकर यांचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते फक्त नरांनाच येतं, गळतं आणि पुन्हा उगवतं. वाढत असताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. त्या दिवसांत चाऱ्यातलं कॅल्शियम पुरत नाही, म्हणून नराचं शरीर बरगड्यांमधून ते ओढून घेतं. बरगड्या काही काळ कमकुवत होतात, मग पुन्हा भरून येतात. एल्कचं शिंग भराच्या दिवसांत रोज 2 सेंटीमीटरपर्यंत वाढतं. सस्तन प्राण्यांत हाडाचा इतका मोठा अवयव असा पुनःपुन्हा उगवण्याचं दुसरं उदाहरण नाही. मला तर या किमयेपुढे शिंगांचा डौलही दुय्यम वाटतो.

माज ओसरला की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक उतरतं. मग हाड विरघळवणाऱ्या पेशी शिंगाच्या बुडाशी कामाला लागतात, जोड पोखरला जातो आणि शिंग गळतं.

पुढे ते जंगलाच्या पोटात जातं. साळिंदर आणि उंदीर कॅल्शियम-फॉस्फरससाठी ते कुरतडतात, हरणंही चघळतात. जुन्या शिंगावर बोट फिरवलं तर दातांच्या समांतर खाचा हाताला लागतात. पूर्वी घरोघरी सहाणेवर सांबरशिंग उगाळून लेप लावत. आज मात्र ते साळिंदराच्या वाट्याचं राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शिंग दिसलंच तर बूड नीट पाहा. आपोआप गळलेल्या शिंगाचं बूड खडबडीत आणि बहुधा किंचित फुगीर असतं, भोवती हाडाचं कडं असतं. त्याला कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर शिंग गळलेलं नाही, जनावर मेलंय किंवा मारलं गेलंय. अशा वेळी हात न लावता फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.