पहिले ५१२ बाइट

संगणक धडधाकट असतानाच त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची इन्स्टॉलेशन डिस्क करून ठेवावी. ती करायला चालता संगणकच लागतो. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालं, तर इथे कुदळही हाताशी नसते.

पुष्कळ संगणकांत हार्ड डिस्कवरच एक रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे सिस्टिम पूर्ववत करण्यासाठी राखलेला भाग, असतं. सिस्टिम बिघडली तर ते उपयोगी पडतं, पण हार्ड डिस्कच बंद पडली तर तिच्याबरोबर तेही जातं. म्हणून प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर हवी.

आता नेहमी होणारी चूक. सिस्टिमची आयएसओ फाइल (म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये बांधलेली) डाउनलोड करायची, पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करायची आणि काम झालं असं समजायचं. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नाही. का? बटण दाबल्यावर मदरबोर्डच्या चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. त्याला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो डिस्कचा फक्त पहिला सेक्टर वाचतो, म्हणजे ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट पुढचा प्रोग्रॅम उचलून आणणाऱ्या सूचनांचे, ६४ बाइट पार्टिशनच्या नकाशाचे आणि शेवटचे दोन ओळखखुणेचे: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही खूण नसेल तर बरेच बायोस ती डिस्क सोडून पुढे जातात. एवढ्या मोठ्या सिस्टिमचं दार या इवल्याशा जागेतून उघडतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नवे संगणक बायोसऐवजी यूईएफआय वापरतात. त्याला फॅट या पद्धतीने केलेली फाइलींची मांडणी वाचता येते आणि तो ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. पण फॅटच्या फॅट३२ या प्रकारात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल कधीकधी तेवढी भरते. मग तिचे तुकडे करावे लागतात. हे सगळं डिस्क बनवणारं सॉफ्टवेअर सांभाळतं. म्हणून कॉपी-पेस्ट न करता तेच वापरायचं. पेन ड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल, हे मात्र ध्यानात असू द्या.

फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने तपासता येतं. फाइल कितीही मोठी असो, त्यातून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. मूळ फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही ओळ ओळखू न येण्याइतकी पालटते. निर्मात्याने दिलेल्या ओळीशी ती जुळवून पाहायला दोन मिनिटं लागतात.

शेवटी डिस्कवरून संगणक एकदा सुरू करून बघा. भाषा निवडण्याचा पडदा आला की तिथूनच बाहेर पडा. पुढे गेलात तर चालू सिस्टिमवर हात पडेल. आवृत्ती आणि तारीख लिहून डिस्क उन्हापासून दूर ठेवा, कारण घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उन्हाने खराब होतो. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भारही वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतो. वर्षातून एकदा ती डिस्क लावून तोच पडदा पुन्हा पाहायचा.