पवनचक्कीची वायुगतिकी : खानदेशच्या संदर्भात

वाहत्या हवेतील गतिज ऊर्जा पात्यांच्या साहाय्याने काढून घेताना हवा आणि पाते यांच्यात जी बले निर्माण होतात, त्यांचा आणि त्या बलांमुळे हवेच्या प्रवाहात घडणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे पवनचक्कीची वायुगतिकी होय. महाराष्ट्रात सातारा व सांगली या जिल्ह्यांप्रमाणेच खानदेशच्या पश्चिम भागातही पवनचक्क्यांची मोठी क्षेत्रे उभी राहिली आहेत. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल हे त्यांपैकी सर्वांत परिचित असून त्याची क्षमता ५२८ मेगावॉट अशी नोंदवली जाते. छडवेल आणि त्यापुढे नंदुरबारच्या बाजूला पसरलेल्या पठारांवरही पवनचक्क्यांच्या रांगा आहेत.

या शास्त्राचा उगम पवनचक्कीत नसून जहाजाच्या प्रणोदनात आहे. जहाज पुढे ढकलणारा पंखा पाण्याच्या प्रवाहाला किती संवेग देतो, हे मांडण्यासाठी रँकिन यांनी १८६५ मध्ये आणि पुढे फ्रूड यांनी पंख्याच्या जागी एक काल्पनिक सच्छिद्र चकती कल्पिली. प्रणोदक प्रवाहात ऊर्जा घालतो आणि पवनचक्की ती काढून घेते, एवढाच फरक असल्याने तीच समीकरणे उलट चिन्हाने पवनचक्कीला लागू पडतात. सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा चकतीमागे थांबून राहील व नव्या हवेला वाट उरणार नाही. म्हणून काढून घेता येणाऱ्या ऊर्जेला मर्यादा असते. जर्मनीतील गटिंगेन येथे आल्बर्ट बेट्झ यांनी ही मर्यादा १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के, असल्याचे दाखवले, आणि त्या स्थितीत मागे जाणाऱ्या हवेचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांश उरतो.

मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वारा सेकंदाला ६ मीटरवरून ८ मीटरवर गेला, तर वेगात एक तृतीयांश वाढ होते, पण शक्ती सुमारे २.४ पट होते. हवेच्या घनतेचा परिणाम त्या मानाने लहान असला तरी उष्ण प्रदेशात तो विसरून चालत नाही. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर आणि ३० अंश तापमानाला एक घनमीटर कोरड्या हवेचे वस्तुमान सुमारे १.०८ किलोग्रॅम भरते. प्रमाण मानल्या जाणाऱ्या १.२२५ किलोग्रॅमपेक्षा ते जवळपास १२ टक्के कमी आहे, म्हणून उत्पादकाने प्रमाण घनतेसाठी दिलेला शक्तीचा आलेख इथल्या पठारांवर जसाच्या तसा वापरता येत नाही.

आधुनिक चक्कीचे पाते वाऱ्याने ढकलले जात नाही, तर विमानाच्या पंखाप्रमाणे त्याच्या दोन पृष्ठांवरील दाबांच्या फरकातून निर्माण होणाऱ्या उत्थापन बलाने ओढले जाते. टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण सात-आठ पट ठेवला जातो. बुडापासून टोकापर्यंत पात्याचा वेग बदलत असल्याने हवा योग्य कोनातच यावी म्हणून पात्याला पीळ दिलेला असतो. पात्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल संवेगाच्या सिद्धांताशी जुळवण्याची ग्लाउर्ट यांची १९३५ ची पद्धत आजही अभिकल्पाचा पाया आहे. मात्र हवा पृष्ठ सोडून सुटू लागली, म्हणजे पाते ‘स्टॉल’ झाले, की ही गणिते डळमळतात. अमेरिकेत २००० साली नासाच्या एम्स केंद्रातील २४.४ × ३६.६ मीटर मापाच्या वातविवरात (कृत्रिम वारा वाहवून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) १० मीटर व्यासाची चक्की फिरवून मोजमापे घेण्यात आली. ती उघड करण्याआधी अनेक संशोधक गटांकडून अंदाज मागवले होते, आणि स्टॉल नसलेल्या आणि वारा समोरून सरळ येणाऱ्या स्थितीतही शक्तीचे अंदाज प्रत्यक्षाच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत विखुरलेले निघाले. या क्षेत्रातील संशोधनाला इतके उपकारक ठरलेले प्रयोग थोडेच असतील.

पात्याचा पृष्ठभाग स्वच्छ आहे हे गृहीतकही उघड्या माळावर टिकत नाही. विमानांसाठी विकसित केलेले वातपर्ण छेद, म्हणजे पंखाच्या आडव्या कापाचे आकार, धूळ व किडे चिकटून पुढची कड खरबरीत झाली की उत्थापन गमावतात; म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेत खास चक्क्यांसाठी नवे छेद तयार करण्यात आले, व नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथेही तसेच काम झाले. मंद वाऱ्यात कडेवर चिकटलेले किडे पुढे जोराच्या वाऱ्यात शक्ती निम्म्यापर्यंत खाली आणू शकतात, असे कॉर्टेन व व्हेल्डकॅम्प यांनी २००१ मध्ये दाखवले. खानदेशात उन्हाळ्याची धूळ आणि पाठोपाठ येणारा पाऊस या दोन्हींना पाते तोंड देते. पाऊस कड धुऊन काढतो खरा, पण सेकंदाला ७०-८० मीटर वेगाने फिरणाऱ्या टोकावर आदळणारे थेंब वर्षानुवर्षे तिचा लेप झिजवतात.

खरी गुंतागुंत मात्र जमिनीची आहे, आणि खानदेशात ती दुर्लक्षिता येत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात जोर धरतात आणि वर्षाच्या वीजनिर्मितीचा मोठा वाटा याच चार महिन्यांत पडतो. सातपुडा आणि सह्याद्रीचे फाटे यांच्यामधले तापीचे खोरे पश्चिमेला उघडे आहे, तर साक्रीची पठारे सह्याद्रीच्या कडेला उंचावर आहेत. टेकडीवर चढताना हवा दाटून वेग घेते. सौम्य उताराच्या टेकडीसाठी जॅक्सन व हंट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर वारा-नकाशांची अनेक संगणकीय साधने उभी आहेत. पण उतार साधारण १७ अंशांपेक्षा तीव्र झाला की हवा कड्याच्या मागे सुटते, भोवरे धरते आणि हे गणित वाऱ्याचा वेग फुगवून सांगते. दख्खनच्या बेसाल्टची भूरूपे पायऱ्यापायऱ्यांची, तुटक कड्यांची आहेत. शिवाय धुळे-नंदुरबार परिसरात बेसाल्टच्या थरांत घुसलेल्या भित्तींचा (भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हारसाच्या उभ्या भिंतींचा) मोठा समूह असून त्या साधारण पूर्व-पश्चिम दिशेने लांबलचक डोंगरधारा बनवतात. वाऱ्याला आडव्या असलेल्या धारेवर वेग सर्वाधिक वाढतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला जवळपास समांतर असलेल्या धारेवर तेवढी वाढ मिळत नाही. म्हणून उंच जागा दिसली की ती चांगली, हा ठोकताळा इथे चुकतो आणि मोजमापाच्या मनोऱ्याला पर्याय राहत नाही.

एका चक्कीमागचा मंदावलेला, खळबळलेला प्रवाह हा दुसरा मोठा प्रश्न. नील्स ओटो येन्सन यांच्या १९८३ च्या साध्या प्रतिरूपाने हिशेब केला, तर ८८ मीटर व्यासाच्या चक्कीमागे सात व्यासांवर, सुमारे ६१६ मीटरवर, वाऱ्याचा वेग जवळपास १३ टक्क्यांनी कमी असतो. घनाच्या नियमाने तिथल्या चक्कीची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. मोसमी वाऱ्याची दिशा बरीच स्थिर असल्याने वाऱ्याला आडव्या रांगेत चक्क्या जवळ आणि वाऱ्याच्या दिशेत दूर ठेवणे इथे फायद्याचे आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवरची उसळणारी हवा हा मंद प्रवाह लवकर मोडते. हिवाळ्यातील शांत, निरभ्र रात्री तो दूरवर टिकतो.

पात्यांची कार्यक्षमता आज ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बेट्झ मर्यादेच्या बरीच जवळ, पोहोचली आहे. त्यामुळे खानदेशसारख्या प्रदेशात पुढची वाढ पात्याच्या आकारापेक्षा जागेची निवड, रांगांची मांडणी आणि पात्यांची निगा यांतूनच मिळेल, असे मानण्यास सबळ आधार आहे. जुन्या, लहान चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१६ मध्ये आले व २०२३ मध्ये सुधारले गेले. व्यास वाढला की मागच्या प्रवाहाची लांबीही त्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जुन्या चौथऱ्यांच्या जागा तशाच न ठेवता पठाराची मोजणी व मांडणी नव्याने करावी लागते.