बॉर्डरलाइन ट्यूमर आणि ओमेंटमवरचे ठिपके : २०१४ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

अंडाशयाच्या काही गाठी कॅन्सरसारख्या दिसतात, पोटात पसरलेल्याही असतात, तरी बाई वर्षानुवर्षं ठणठणीत राहते, हे निरीक्षण १९२९ सालचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे सौम्य आणि कॅन्सर यांच्या सीमेवरच्या, गाठींना स्वतंत्र जागा मिळायला मात्र १९७३ उजाडलं. पेशींचे थर चढलेले, पॅपिलींना (बोटांसारख्या उंचवट्यांना) फांद्या फुटलेल्या, टोकांवरून झुबके सुटलेले, पण खालच्या स्ट्रोमात (आधार देणाऱ्या ऊतीत) शिरकाव नाही, हा निकष अंडाशयापुरता चांगला चालला.

गुंता झाला तो इम्प्लांटचा, म्हणजे अंडाशयाबाहेर पोटात रुजलेल्या ठिपक्यांचा. सीरस (पातळ द्रव बनवणाऱ्या प्रकारच्या) बॉर्डरलाइनच्या बऱ्याच रुग्णांत ओमेंटम (आतड्यांपुढचा चरबीचा पडदा) आणि पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) ठिपके सापडतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी निघाले, थोडे जिवावर बेतले. म्हणून शिरकाव करणारे आणि न करणारे अशी विभागणी झाली. सांगायला सोपी, स्लाइडवर अवघड. शिरकाव न करणारा डेस्मोप्लास्टिक (तंतुमय ऊतीने वेढलेला) इम्प्लांट पृष्ठभागावर लिंपल्यासारखा बसतो. चरबीच्या लोब्यूलमधल्या (कप्प्यांमधल्या) पडद्यांतून खाली उतरला तरी लोब्यूलच्या कडा शाबूत राहतात. शिरकाव करणारा त्या कडा वेड्यावाकड्या कुरतडतो, आणि त्याच्या पेशींचे पुंजके भोवतीच्या मोकळ्या फटीत एकेकटे दिसतात. बायोप्सीत खालची चरबीच आली नसेल, तर या कडा तपासायच्या कुठे?

१९९६ च्या सुमारास एका गटाने मांडलं, की मायक्रोपॅपिलरी रचना (बारीक, लांबट पॅपिली) असेल तर गाठीला थेट कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, म्हणावं. उरलेल्यांना सौम्य नाव द्यावं, म्हणजे ‘बॉर्डरलाइन’ हा वर्गच नको. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, धोका ठरतो इम्प्लांटवरून, अंडाशयातल्या नक्षीवरून नव्हे. तज्ज्ञांच्या २००३ च्या बैठकीतही एकमत झालं नाही. अखेर वर्गीकरणाच्या २०१४ च्या आवृत्तीत शिरकाव करणाऱ्या इम्प्लांटना लो-ग्रेड (हळू वाढणारा) सीरस कार्सिनोमा म्हणायचं ठरलं. २०२० मध्ये मायक्रोपॅपिलरी हा बॉर्डरलाइनचाच उपप्रकार राहिला.

एकाच रुग्णाच्या रिपोर्टात अंडाशय बॉर्डरलाइन आणि ओमेंटम कार्सिनोमा, याने सर्जन गोंधळतात, हा आक्षेप खरा आहे. तरी निर्णय योग्यच होता, आणि तो आधीच व्हायला हवा होता. कॅन्सरसारखं वागणाऱ्या ठिपक्याला ‘इम्प्लांट’ म्हटलं, की पुढच्या तपासण्या सैल पडतात. जनुकीय पुरावाही याच बाजूचा: केआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांमधले बदल बॉर्डरलाइन आणि लो-ग्रेड दोन्हींत सापडतात, तर हाय-ग्रेड (वेगाने वाढणाऱ्या) कार्सिनोमाची वाट टीपी५३ या जनुकाची, बहुतेकदा फॅलोपियन नलिकेतून सुरू होणारी.

म्युसिनस (चिकट श्लेष्म बनवणाऱ्या) गाठींची कथा वेगळी. पोटभर जेलीसह येणाऱ्या ‘बॉर्डरलाइन’ गाठींचं मूळ बहुतेकदा अपेंडिक्समध्ये असतं, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झालं.