कलोपचार, माजी सैनिकांसाठी

युद्धातील मानसिक आघाताने जडलेल्या विकारावर (आघातोत्तर ताणविकृती) चित्र, शिल्प, संगीत, नाट्य, नृत्य वा लेखन यांच्या आधारे प्रशिक्षित उपचारकाने केलेला मानसोपचार. कलाकृतीची गुणवत्ता येथे गौण असते.

उगमाविषयी मतभेद आहेत. ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ च्या सुमारास रूढ केली, असे सामान्यतः मानतात. पहिल्या महायुद्धात युद्धचित्रकार असलेल्या हिल यांना १९३८ मध्ये ससेक्समधील मिडहर्स्टच्या क्षयरोग रुग्णालयात, अंथरुणाला खिळलेले असताना, चित्रकलेचा आधार मिळाला आणि पुढे त्यांनी इतर रुग्णांना तो दिला. मात्र हे रुग्णालय मुख्यतः क्षयाचे होते. सैनिकांपुरते पाहता मूळ आणखी मागे, एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात (१९१६–१९) शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे डॉ. आर्थर ब्रॉक रुग्णाचे तुटलेले जग उद्योगातून पुन्हा सांधू पाहत. त्यांचे रुग्ण कवी विल्फ्रेड ओवेन यांनी १९१७ मध्ये रुग्णालयाचे नियतकालिक संपादित केले. ब्रॉक यांच्या पद्धतीला कलोपचार म्हणावे की व्यवसायोपचार (कामधंद्यातून केलेला उपचार), हा वाद उरतोच. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात लॉरेन्स ब्रॅडबरी यांच्या कलाकक्षात सैनिकांना हवे ते रंगवण्याची, प्रसंगी मोडतोड करण्याचीही मुभा होती. आजच्या गटोपचाराशी या कलाकक्षाचे नाते सर्वांत जवळचे दिसते.

विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर. आघाताची आठवण जागवली असता मेंदूतील वाणीशी निगडित ब्रोका क्षेत्राची क्रिया मंदावते, असे १९९६ च्या एका अभ्यासात आढळले. ‘शब्द फुटत नाहीत’ या रुग्णांच्या तक्रारीशी ते जुळते. पण तो अभ्यास अवघ्या आठ जणांचा होता. कलोपचाराचा शास्त्रीय पाया म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

अमेरिकेत बेथेस्डा येथील लष्करी केंद्रात (स्थापना २०१०) सैनिक कोरे मुखवटे रंगवतात. दुभंगलेला चेहरा, शिवलेले ओठ अशा प्रतिमा त्यांत दिसतात. जे पत्नीलाही सांगता आलेले नसते, ते मुखवट्याकडे बोट दाखवून सांगता येते. या पद्धतीचे मर्म हेच असावे.

मोठ्या नियंत्रित चाचण्या थोड्या असल्याने आघातकेंद्री (आघाताच्या आठवणींवरच थेट काम करणाऱ्या) मानसोपचारालाच अग्रक्रम दिला जातो आणि कलोपचार पूरक मानला जातो. पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातील काही सैनिक तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. ते मुख्यतः शारीरिक पुनर्वसनाचे अंग आहे.