मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संशोधनपद्धती प्रशिक्षणासाठी अर्ज : ग्रामीण विदर्भातील अध्यापक व संशोधकांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

कमी उत्पन्नाच्या देशांतील मानसशास्त्रज्ञांना प्रगत संशोधनपद्धती शिकता याव्यात आणि जागतिक परिषदेलाही उपस्थित राहता यावे, या हेतूने १९९२ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ट्रेनिंग सेमिनार्स’, म्हणजे ‘आर्ट्स’ या नावाची चर्चासत्रे भरवली जातात. आंतरराष्ट्रीय मानसशास्त्रीय विज्ञान संघ, उपयोजित मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आणि आंतर-सांस्कृतिक मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना या तिघांचा हा एकत्रित उपक्रम आहे. यांपैकी पहिल्या दोन संस्थांच्या परिषदा प्रत्येकी चार वर्षांनी होतात आणि ही सत्रे त्या परिषदांच्या आगेमागे घेतली जातात. योकोहामा (२०१६), माँट्रियल (२०१८) आणि प्राग (२०२४) ही अलीकडची परिषद-स्थळे होत. परिषदा बहुधा जून-जुलैत असतात. आपल्याकडे हेच दिवस प्रवेशप्रक्रियेचे असल्याने रजेचा अर्ज निवडीची वाट न पाहता प्राचार्यांच्या कानावर घालून ठेवावा.

पात्रतेतील पहिली अट देशाच्या उत्पन्नाची आहे आणि तेथेच अनेक जण अर्ज न करता थांबतात. जागतिक बँक दरवर्षी १ जुलैला देशांची वर्गवारी जाहीर करते आणि तीत भारत ‘कमी उत्पन्न’ गटात नसून ‘निम्न-मध्यम उत्पन्न’ गटात मोडतो. म्हणून चर्चासत्रांच्या अर्जासाठी निघालेल्या सूचनेत कोणती यादी लागू केली आहे, निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना त्यात घेतले आहे का, आणि अट नागरिकत्वाची आहे की कामाच्या ठिकाणाची, या तीन गोष्टी आधी वाचाव्यात. मजकूर संदिग्ध असेल तर संयोजकांना दोन ओळींचा ई-मेल करून लेखी उत्तर मागवावे व ते जपून ठेवावे. स्वतःच स्वतःला अपात्र ठरवू नये.

दुसरी अट व्यक्तीची. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. चालू किंवा नुकतीच पूर्ण झालेली असणे आणि कारकिर्दीचा सुरुवातीचा टप्पा, असा अर्जदार सामान्यतः अपेक्षित असतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चिकित्सा मानसशास्त्राच्या व्यवसायासाठी लागते. अध्यापक किंवा सामाजिक मानसशास्त्राच्या संशोधकाने ती नसल्याची चिंता करू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजकार्याची पदवी घेऊन काम करणाऱ्यांना मात्र ‘मानसशास्त्रज्ञ’ या अटीत बसणे अवघड जाते आणि त्यांनीही आधी विचारणा केलेली बरी.

अर्जाचा खरा कस लागतो तो हेतुनिवेदनात, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्ये. आपल्याकडून जाणाऱ्या निवेदनांत शेतकरी आत्महत्या, दुष्काळ, कर्जबाजारीपणा यांचे वर्णन भरपूर असते आणि पद्धतीचा प्रश्न शेवटच्या वाक्यात उरकलेला असतो. निवड समितीला विदर्भाचे दुःख समजावून सांगण्याची गरज नसते. तुमच्या अभ्यासाचे घोडे नेमके कुठे अडले आहे, हे तिला समजून घ्यायचे असते. समजा, दारव्हा किंवा आर्णी तालुक्यातील वीस गावांत तुम्ही चारशे जणांकडून नैराश्याची मापनश्रेणी, म्हणजे लक्षणांना गुण देणारी प्रश्नावली, भरून घेतली. एकाच गावातील पाऊस, बँक, कृषी केंद्र आणि बोलाचाली सर्वांना सारख्याच असल्यामुळे तेथील उत्तरे एकमेकांशी मिळतीजुळती येतात. चारशे माणसे म्हणजे चारशे स्वतंत्र निरीक्षणे, असे धरून केलेले विश्लेषण त्यामुळे फसवे ठरते आणि येथे बहुस्तरीय विश्लेषण, म्हणजे व्यक्ती आणि गाव या दोन्ही पातळ्यांवरचे फरक वेगळे मोजण्याची पद्धत, शिकण्याची गरज आपोआप सिद्ध होते. तसेच पेरणीच्या तोंडावर, दुबार पेरणीचे संकट डोक्यावर असताना घेतलेली माहिती आणि कापसाचे चुकारे हाती आल्यावर घेतलेली माहिती यांतील फरक दरम्यान दिलेल्या उपचाराचा की हंगामाचा, हे कसे ओळखायचे, हाही पद्धतीचाच प्रश्न आहे. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडकडील माडिया लोकांसाठी मराठी श्रेणी वापरणाऱ्याने मापनाच्या समतुल्यतेचा, म्हणजे तीच श्रेणी दोन्ही समाजांत तीच गोष्ट मोजते का, हा मुद्दा मांडावा. असा एकच प्रश्न घ्यावा, तो पूर्ण मांडावा आणि जाहीर झालेल्या सत्रांपैकी कोणते त्यास उपयोगी आहे, ते नाव घेऊन लिहावे.

निवेदनात आधीच्या कामाचा संदर्भ देता आला तर वजन वाढते. विदर्भातच ‘विश्राम’ कार्यक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावरील उपचारांची व्याप्ती, म्हणजे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण, ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत नेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासाने कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला आणि तुम्ही तो कसा पुढे नेणार, हे लिहिणे आकडेवारीच्या परिच्छेदापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

माणसांकडून माहिती गोळा केलेली असल्यास नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत सोबत असावी. तालुक्याच्या महाविद्यालयात अशी समिती बहुधा नसते. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडून मंजुरी घेता येते. आपल्या भागात वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्याकडे विचारणा करण्यात कमीपणा नाही. ही मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते, मागाहून मिळत नाही.

शिफारसपत्रांसाठी मोठ्या पदापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेली व्यक्ती निवडावी. ‘विद्यार्थी होतकरू आहे’ या चालीवरचे पत्र कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मार्गदर्शकांना निवेदनाची प्रत आणि अंतिम तारीख आधीच द्यावी.

आता कागदपत्रांतील सर्वांत त्रासदायक भाग, तो म्हणजे नाव. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर क्रम उलटा. पदवीवर विवाहानंतरचे नाव आणि बँकेत केवळ आद्याक्षरे, असा प्रकार घरोघरी आढळतो. परदेशी संयोजक, विमान कंपनी आणि दूतावास मात्र पासपोर्टवरील नावच प्रमाण मानतात. म्हणून अर्ज, संशोधनलेख व निमंत्रणपत्र या सर्वांवर पासपोर्टप्रमाणेच नाव टाकावे आणि पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. विवाहामुळे नाव बदललेल्या अध्यापिकांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे; बदल अन्य कारणाने असेल तर शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयामार्फत राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. या कामाला लागणारा वेळ सूचनेची अंतिम तारीख पाहून मोजण्यात अर्थ नाही.

प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी आणखी २,००० रुपये पडतात. नागपूरला न जाता काही जिल्ह्यांतील टपाल कार्यालयातील सेवा केंद्रातही वेळ घेता येते. शासकीय सेवेतील व्यक्तीला ना हरकत प्रमाणपत्र मिळण्यास उशीर होत असेल, तर नियुक्ती अधिकाऱ्यास पूर्वसूचना पत्र देऊन त्याची प्रत पासपोर्ट अर्जास जोडण्याचा पर्याय नियमात आहे. पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते, त्यामुळे नोकरीच्या गावी भाड्याने राहणाऱ्यांनी तेथील पत्त्याचा पुरावा आधी तयार करावा.

निवड झाल्यावर संयोजक राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च उचलणार असतील, तर शासकीय महाविद्यालये आणि शासनाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांतील कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार विदेशी आदरातिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. ‘एफसी-२’ नमुन्यातील अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि तो प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचावा अशी अपेक्षा असते. खासगी अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपल्याला हे लागू आहे का, याची खात्री नागपूर किंवा अमरावती येथील उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून लेखी करून घ्यावी.

परिषद युरोपातील शेंगेन देशात असल्यास व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिने ते १५ दिवस या मुदतीत करता येतो. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते, पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने असावी लागतात. निमंत्रणपत्रात कोणता खर्च कोण देणार हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण जो भाग संयोजक देणार नाहीत, तो भागवण्याइतकी रक्कम तुमच्या बँक विवरणपत्रात दिसणे आवश्यक ठरते. व्हिसाच्या तोंडावर कोणी नातेवाइकांकडून एकरकमी पैसे खात्यात भरून घेतले, तर ती नोंद तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

तिकिटाची रक्कम अपुरी पडत असल्यास विद्यापीठाच्या प्रवास अनुदानाची आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनांची चौकशी करावी. यंदा निवड झाली नाही, तर या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्याच अनुदानातून देशभरातील संस्था पीएच.डी. संशोधकांसाठी दहा दिवसांचे संशोधनपद्धती अभ्यासक्रम घेतात. तेथेही हेतुनिवेदन आणि शिफारस मागितली जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे एका प्रश्नावर बेतलेले निवेदन थोडे आटोपशीर करून तेच वापरता येते.