मेंदूत भाषांचे वेगळे कप्पे नसतात

‘बहुभाषिक माणसाच्या मेंदूत प्रत्येक भाषेचा स्वतंत्र कप्पा असतो, एक उघडला की बाकीचे बंद’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

१९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या स्पायव्ही आणि मारियन यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. सूचना रशियनमध्ये होती: ‘मार्कु’, म्हणजे टपालाचे तिकीट, फुलीच्या खाली ठेवा. तरी त्यांची नजर शेजारच्या ‘मार्कर’ पेनाकडे वळत होती. इंग्रजीचा तिथे संबंधच नव्हता, पण ती जागी होती.

मग गोंधळ का उडत नाही? कारण मेंदू ऐकण्याची मोजपट्टी बदलतो. ‘ब’ आणि ‘प’ यांतला फरक ओठ उघडल्यावर स्वरतंतू किती उशिराने कंप पावू लागतात यावर ठरतो, आणि हा उशीर सेकंदाच्या काही हजारांश भागांत मोजतात. दोहोंमधली सीमारेषा इंग्रजीत एका जागी, स्पॅनिशमध्ये दुसऱ्या. २०१३ मध्ये गोन्झालेस आणि लोट्टो यांनी दोन्ही भाषा येणाऱ्यांना ‘बाफ्री’-‘पाफ्री’ असे निरर्थक शब्द ऐकवले. काहींना ते स्पॅनिश म्हणून, काहींना इंग्रजी म्हणून. शेवटच्या ‘री’चा उच्चारही त्या त्या भाषेतला. सुरुवातीचा आवाज तोच असूनही स्पॅनिश समजून ऐकणाऱ्यांना तो ‘प’ वाटण्याकडे झुकला, इंग्रजी समजून ऐकणाऱ्यांना ‘ब’. फक्त इंग्रजी येणाऱ्यांमध्ये असा बदल दिसला नाही.

म्हणून ‘दोन भाषांनी मूल गोंधळेल’ या भीतीपोटी घरातली एखादी भाषा बंद करणे मला फार मोठे नुकसान वाटते. मुलाच्या एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द आले, तर तो बिघाड नव्हे.